टिचकी एक, कामें अनेक

बडनेरा व वर्धा यांच्या दरम्यानचें आपलें धामणगांव स्टेशन आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. रेल्वेचें जें फाटक सिग्नलाशीं जोडलेलें असतें, तें बंद होऊन त्यास कुलूप बसल्यावांचून गाडीस सिग्नल मिळत नाहीं. हीं दोन्ही कामें झालीं, पण उलट क्रमानें झालीं, तर तें प्राणावर बेतेल. अनुक्रमाचा हाच नियम संगणकाच्या पडद्यावरील बटनासही लागू आहे.

समजा, परीक्षेच्या अर्जाखालीं ‘पाठवा’ असें बटन आहे. त्यावर क्लिक केली, म्हणजे टिचकी मारली, कीं प्रथम अर्ज तपासावा व मग तो रवाना करावा, अशी योजना आहे. सन १९९५ मध्यें ब्रेंडन आइक यांनीं निर्माण केलेल्या जावास्क्रिप्ट भाषेंत असें काम बजावणाऱ्या भागास हँडलर म्हणतात, व ‘ॲडइव्हेंटलिसनर’ या आज्ञेनें तो बटनास जोडतात. एका बटनास अनेक हँडलर जोडतां येतात. मग त्यांपैकीं आधीं कोणता चालावा? ‘डब्ल्यू थ्री सी’ या संस्थेच्या सन २००० च्या नियमावलींत याचें उत्तर नव्हतें. पुढें मात्र असें ठरलें कीं, जो आधीं जोडला, तो आधीं चालेल.

शिवाय टिचकी एका जागीं थांबत नाहीं. ती बाहेरील चौकटींतून बटनापर्यंत उतरते व तेथून पुन्हा बाहेर चढत जाते. साधारण हँडलर बटनापाशीं व चढतांना चालतात. जोडतांना ‘कॅप्चर’ अशी खूण केलेले उतरतांनाच चालतात. म्हणून तपासणी मागाहून जोडावी लागली, तरी ती ही खूण करून बाहेरील चौकटीस जोडावी. ती पाठवणीच्या आधींच होईल. अर्जांत उणीव आढळल्यास ‘स्टॉपइमीजिएटप्रोपगेशन’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे उरलेले सर्व हँडलर थांबतात. परंतु अर्ज रवाना करण्याची बटनाची जी अंगभूत क्रिया, ती एवढ्यानें थांबत नाहीं. तिच्यासाठीं ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ ही निराळी आज्ञा आहे.

आणखी एक सावधगिरी. तपासणीस दूरच्या संगणकाकडून उत्तर यावयाचें असेल, तर पुढील हँडलर तिच्यासाठीं खोळंबत नाहीं. अशा वेळीं अंगभूत क्रिया आरंभींच थांबवावी, व एकाच हँडलरांत तपासणी पुरी झाल्यावर अर्ज पाठवावा. हा मार्ग सर्वांत निर्धोक होय.

अनुक्रम दैवावर सोडूं नये. अपुरा अर्ज रवाना झाला, तर एखाद्या विद्यार्थ्याचें सबंध वर्ष वांया जाऊं शकतें. म्हणून आधीं फाटक, मग सिग्नल!