रिकाम्या कवचाने शिकवलेलं

चिकुनगुन्यावरच्या लशीसाठी विषाणूसदृश कण, म्हणजे आमच्या बोलण्यातले 'व्हीएलपी', बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हा कण बाहेरून हुबेहूब विषाणूसारखा असतो, पण आत जनुकीय द्रव्य नसल्याने तो शरीरात वाढू शकत नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांना मी पुढच्या गोष्टी आवर्जून सांगते.

१. कणाची घडण जपा.
चिकुनगुन्याच्या कवचावर ई१ आणि ई२ या प्रथिनांच्या प्रत्येकी २४० प्रती ठरावीक रचनेत बसलेल्या असतात. त्या दाट, नेटक्या मांडणीमुळेच बी-पेशी जोमाने जाग्या होतात. कण फुटले तरी जेलवर प्रथिनाची पट्टी तशीच ठळक दिसते. म्हणून शुद्धीकरणानंतर आणि साठवणुकीनंतरही प्रत्येक बॅच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहायचीच.

२. वाण पारखून घ्या.
अमेरिकेच्या एनआयएचमध्ये वातारू अकाहाता आणि गॅरी नेबल यांच्या गटाला पश्चिम आफ्रिकेतल्या ३७९९७ या वाणापासून भरपूर कण मिळाले. ताज्या साथीतल्या वाणापासून मात्र फारच कमी. फरक पडत होता तो या ताज्या वाणाच्या ई२ प्रथिनात २३४व्या जागी असलेल्या लायसिनमुळे. चिकुनगुन्याचा सीरोटाइप एकच असल्याने जुन्या वाणाची लस नव्या वाणांवरही चालते.

३. चिकुनगुन्याचा हिशेब डेंग्यूला लावू नका.
डेंग्यूचे प्रकार चार. अर्धवट प्रतिकारशक्ती पुढचा आजार अधिक गंभीर करू शकते. दिल्लीच्या आयसीजीईबीतल्या नवीन खन्ना यांच्या गटाने म्हणूनच चारही प्रकारांच्या ई-प्रथिनाचा फक्त तिसरा भाग घेतला आणि हेपटायटिस बीच्या पृष्ठप्रथिनाला जोडून यीस्टमध्ये कण घडवले. काय घ्यायचं याइतकंच काय वगळायचं हेही महत्त्वाचं.

४. परवाना मिळाल्यावरही मोजत राहा.
चिकुनगुन्याची साथ कुठे येईल ते सांगता येत नाही, आणि चाचणी उभी राहीपर्यंत ती ओसरते. म्हणून 'विमकुन्या' या व्हीएलपी लशीला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५मध्ये, बारा वर्षांवरच्यांसाठी, अँटिबॉडींच्या मोजमापावर मान्यता मिळाली. खऱ्या साथीत ती किती माणसांना वाचवते, हे पुढच्या अभ्यासांनीच सिद्ध करायचं आहे.

५. किमतीचा विचार पहिल्या दिवशी करा.
१९७३मध्ये बार्शीत आणि पुन्हा २००६मध्ये महाराष्ट्रभर या तापाने माणसं आडवी केली. सांधे महिनोन्‌महिने धरलेले असले, की हातावर पोट असणाऱ्याची मजुरी बुडते. लस त्याच्यापर्यंत पोचायला हवी. हेपटायटिस बीची लसही पृष्ठप्रथिनाच्या कणांचीच. १९९७मध्ये हैदराबादेत ती तयार होऊ लागली आणि भारतात तिची किंमत झपाट्याने उतरली. तेव्हा कण मानवी पेशींत घडवायचे की यीस्टमध्ये, हे ठरवतानाच एक डोस बार्शीच्या आरोग्य केंद्रात किती रुपयांना पडेल, ते वहीत मांडा.