तांब्याच्या पत्र्यावरील काशी

तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण, राळ व डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यावयाचा, त्यावर सुईने चित्र रेखाटावयाचे आणि मग पत्रा अम्लात बुडवावयाचा, ही अम्लरेखनाची मूळ रीत होय. सुईने जेथे थर निघालेला असतो तेवढेच तांबे अम्ल खाते. जी रेघ फिकट हवी ती थोड्या वेळाने रोगणाने झाकतात. जी गडद हवी ती अधिक काळ अम्लात राहू देतात. नंतर रेघांत शाई भरून, पृष्ठभाग पुसून, दमट कागदावर दाबयंत्राने ठसा घेतात. छिन्नीने तांबे कोरण्यास वर्षानुवर्षांचा सराव लागतो. सुई मात्र लेखणीसारखी सहज फिरते. सतराव्या शतकात रेम्ब्रांटने ॲम्स्टरडॅमच्या आसपासची निसर्गदृश्ये याच रीतीने रेखाटली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही कला बरीचशी इतरांच्या चित्रांच्या नकला करण्यात अडकली होती. फ्रान्समधील निसर्गचित्रकारांनी तिला त्यातून सोडविले. 1862 साली प्रकाशक कादार व मुद्रक देलात्र यांच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये अम्लरेखनकारांची संस्था स्थापन झाली आणि कवी बोदलेर याने त्याच वर्षी या नव्या चळवळीचा पुरस्कार केला. दोबिन्यी हा चित्रकार आपल्या होडीलाच कार्यशाळा करून नद्यांवर हिंडत असे. 1862 मध्येच त्याने त्या जलप्रवासाची अम्लरेखनमाला प्रसिद्ध केली.

काशीची मुद्राचित्रे तोवर परदेशांत पोहोचली होती. विल्यम हॉजेस 1781 मध्ये वॉरन हेस्टिंग्जबरोबर तेथे आला होता. त्याच्यामागून आलेल्या टॉमस व विल्यम डॅनिएल यांच्या 144 चित्रांच्या संग्रहात (1795–1808) दशाश्वमेध घाटाचे दृश्य आहे. काशीच्या टांकसाळीत धातुपरीक्षक असलेल्या जेम्स प्रिन्सेपची रेखाटने पुढे शिलामुद्रणाने छापली गेली. या कामांत आधी कागदावर रेखाटन आणि मागाहून, बहुधा इंग्लंडमध्ये, छपाई असा क्रम होता. स्थळाची नोंद विश्वसनीय व्हावी, हा त्यांचा मुख्य हेतू होता.

फ्रेंच पुनरुज्जीवनाचा हेतू वेगळा होता. पाहणे आणि रेखाटणे यांतील अंतर त्याला कमी करावयाचे होते. पॅरिसमध्ये घडलेल्या व्हिस्लरने हा विचार लंडनला नेला. तेथे 1880 मध्ये चित्रकार-अम्लरेखनकारांची संस्था निघाली. त्याच परंपरेतील अर्नेस्ट लम्सडेन (1883–1948) 1912 ते 1927 या काळात अनेकदा भारतात आला व काशीची कितीतरी अम्लरेखने त्याने केली. 1925 मध्ये त्याने या कलेच्या तंत्रावर मोठा ग्रंथ लिहिला.

शिंदे, भोसले, होळकर यांच्या नावांशी निगडित अशा घाटांनी घडलेले हे तीर या माध्यमाला विशेष मानवणारे आहे. पायऱ्यांच्या सावल्या म्हणजे मुळातच समांतर रेघा. आणि सकाळच्या उन्हातले पाणी दाखविण्यास कोरा कागद पुरतो. मात्र एक अडचण येथे ठळकपणे जाणवते. काशीपाशी गंगा उत्तरवाहिनी असून शहर पश्चिम तीरावर आहे. घाटावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले की नदी उजव्या हाताला येते. हे दृश्य पाहता पाहता सरळ पत्र्यावर उतरविले, तर ठशात ती डावीकडे जाते. आरशाच्या साहाय्याने उलटे रेखाटावे, तर हाताची ओघवती गती मंदावते. व्हिस्लरने व्हेनिसमध्ये उलटेपणा पत्करला, पण गती सोडली नाही.

या निवडीतच पुनरुज्जीवनाचे सार आहे. पंचगंगा घाटावरील मशिदीचे उंच मिनार, ज्यांना लोक माधवरावांचे धरहरे म्हणत, आज नाहीत. ते कोठे व कसे उभे होते, हे जाणण्यासाठी प्रिन्सेपकडेच जावे लागेल. परंतु उन्हात पाहणाऱ्याची दृष्टी पायऱ्यांवरून पाण्यापर्यंत कशी उतरत गेली, हे जाणावयाचे असेल, तर अम्लाने खाल्लेली ती एक रेघ पाहावी. काशीला या दोन्ही साक्षींची गरज आहे.