चावी फिरते, गाडी सुरू होत नाही



काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या एका रात्री अडलेल्या एका बाईला आदिलाबादच्या दवाखान्यात न्यायचे होते. आमची जुनी डिझेल जीप दाराशीच उभी होती. बाईला मागे निजवले, मी चावी फिरवली. दिवे लागले, पण सेल्फ हूं की चूं करीना. पुन्हा फिरवली, तिसऱ्यांदा फिरवली. बाईचा नवरा पावसात भिजत माझ्याकडे बघत होता. शेवटी सोबतच्या पोराला मीच म्हटले, "बॉनेट उघड आणि लाव रे पेचकस सेल्फला." मिस्त्री लोकांना तसे करताना आम्ही दोघांनी पुष्कळदा पाहिले होते.

त्याने मडगार्डपाशी वाकून सेल्फच्या दोन नटांवर पेचकस टेकवला. ठिणगी उडाली, इंजिन लागले आणि जीप वाघासारखी पुढे उडाली. हातब्रेक सैल, म्हणून संध्याकाळी मीच ती पहिल्या गिअरमध्ये लावून ठेवली होती, आणि घाईत ते विसरलो होतो. पाच-सहा हात जाऊन ती कडुनिंबाला धडकली आणि बंद पडली. पोराची चप्पल चाकाखाली सापडली. पाय वाचला तो केवळ त्याने मागे उडी घेतली म्हणून. बाईला मग शेजाऱ्याच्या गाडीतून नेले. आई आणि मूल दोन्ही सुखरूप राहिले. त्या चपलेवरचा चाकाचा ठसा मात्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. म्हणून आजचा धडा या विषयावर.

चावीच्या स्विचचे काम खरे तर फार थोडे आहे. बॅटरीची वीज त्याच्यापाशी येते. चावी एक घर फिरवली की ती वीज मीटर, दिवे आणि इंजिनला लागणाऱ्या इतर वस्तूंकडे जाते. शेवटचे घर फिरवले की सेल्फच्या सोलेनॉइडला बोलावणे जाते. सोलेनॉइड म्हणजे एक मोठा चुंबकी स्विच. सेल्फला लागणारा जोरदार प्रवाह (डिझेल इंजिनात तो दोनशे अँपिअरच्याही वर जातो) तो जाड केबलमधून सोडतो. पुढच्या दिव्याच्या एका बल्बला पाचेक अँपिअर पुरतात, यावरून अंदाज करा. पण सोलेनॉइडला ओढून घेण्यासाठीही क्षणभर तीस अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. जुन्या गाड्यांत तो सगळा चावीच्या स्विचमधून जातो. दहा-बारा वर्षे रोज ठिणग्या खाऊन आतले पितळी टोक जळते, काळे पडते, आणि एके रात्री साथ सोडते. आमच्या जीपचे तेच झाले होते. मध्ये एक रिले बसवून घेतला असता तर स्विचवरचा भार कमी होऊन तो आणखी बरीच वर्षे टिकला असता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पेट्रोल गाडीला चालायला ठिणगी लागते, म्हणून चावी बंद तर इंजिन बंद. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेते. ज्या जीपला किंवा ट्रॅक्टरला ओढून बंद करायची दांडी आहे, ते इंजिन एकदा फिरले की चावीला न विचारता चालू लागते. उतारावर गिअरमध्ये उभा केलेला असा ट्रॅक्टर चाकाखालचा दगड निघाला तर घरंगळता घरंगळताही सुरू होऊ शकतो. ट्रॅक्टरवर चढून खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आता चावी फिरवून काहीच झाले नाही, तर दोष स्विचचाच आहे असे लगेच धरू नये. पुष्कळदा बिचाऱ्या स्विचच्या माथी दुसऱ्याचे पाप मारले जाते. आधी गिअर हलवून न्यूट्रलची खात्री करा आणि क्लच पूर्ण दाबा, कारण बऱ्याच ट्रॅक्टरांत क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फला वीजच जात नाही. मग पुढचे दिवे लावून एकाला समोर, पण गाडीच्या वाटेतून बाजूला, उभे करा आणि चावी फिरवा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे जसेच्या तसे लख्ख राहिले आणि टक असा आवाजही आला नाही, तर बोलावणे सोलेनॉइडपर्यंत पोचत नाही. तेव्हा स्विचवर, फ्यूजवर, न्यूट्रलच्या स्विचवर किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरवर संशय घ्यावा. कापसाच्या गंजीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर हा काही लहान गुन्हेगार नव्हे. टक आवाज आला पण सेल्फ फिरला नाही, तर चावीने आपले काम केले आहे. दोष पुढे आहे.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा दिसला तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, नट घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा. केबल काढताना आधी अर्थिंगची, म्हणजे उणे बाजूची काढावी आणि लावताना ती शेवटी लावावी. बोटातली अंगठी, हातातले कडे, घड्याळ काढून खिशात ठेवा. अंगठी दोन टर्मिनलांच्या मध्ये सापडली तर क्षणात लाल होते आणि बोट भाजते. बॅटरीजवळ विडी, काडी, कंदील नको, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो भडकतो. डोळ्यात ॲसिड उडाले तर डोळा उघडा धरून किमान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा आणि तसेच डॉक्टर गाठा. हळद, दूध, तूप काही घालू नका.

स्विचच दगा देत असेल तर पहिला उपाय साधा आहे. बसल्या जागेवरून चावी पाच-सात वेळा पुढे-मागे फिरवा. दुसरी, कमी झिजलेली चावी लावून पाहा. कित्येकदा तेवढ्याने एक वेळ काम भागते. ही शेवटची घंटा समजून दुसऱ्या दिवशी मिस्त्री गाठावा. कुलपात तेल ओतू नये. तेलाला आपल्या काळ्या मातीची धूळ चिकटते आणि आठ दिवसांत आत चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड बरी.

दुसरा उपाय धक्क्याचा. सपाट रस्ता, मागे तीन-चार धडधाकट माणसे, चावी चालूवर, क्लच दाबलेला, गिअर दुसरा. गाडीने माणसाच्या भरभर चालीइतका वेग घेतला की क्लच झटकन सोडा आणि इंजिन लागताच पुन्हा दाबा. ढकलणाऱ्यांनी मागूनच ढकलावे. चाकाजवळ किंवा पुढे कोणी राहू नये. चावी चालूवर येतच नसेल, तर ज्या गाडीत स्टिअरिंगला कुलूप आहे ती मुळीच ढकलू नका, कारण ते कुलूप निघणार नाही आणि गाडी वळणार नाही. इंजिन लागेपर्यंत ब्रेकही दगडासारखा कठीण लागतो, हे चालवणाऱ्याने ध्यानात ठेवावे. उटनूरच्या बाजूच्या घाटात, किंवा रात्री नागपूर-हैदराबादच्या 44 नंबरच्या महामार्गावर हा खेळ करू नये. ट्रॉली जोडलेल्या ट्रॅक्टरला तर कधीच नाही.

आता पेचकसाविषयी. जैनथ, बेलाकडच्या शेतांत हिंडताना मी हे इतक्यांदा पाहिले आहे, की लोकांना त्यात काही वावगे वाटत नाही. सीटवर कोणी नाही, मालक मोठ्या चाकाच्या पुढ्यात जमिनीवर उभा, हातात पेचकस किंवा पकड, आणि सेल्फच्या दोन नटांना जोड. यात काय घडते ते नीट समजून घ्या. कंपनीने न्यूट्रलचा जो पहारेकरी बसवला आहे, तो पेचकसाने बाजूला सारला जातो. गिअर पडलेला असला तरी सेल्फ फिरतो, आणि गरम डिझेल इंजिन पहिल्या फेऱ्यालाच पेट घेते. ट्रॅक्टर ताशी पाच किलोमीटर या सावकाश वेगाने जरी निघाला, तरी एका सेकंदात तो जवळजवळ दीड मीटर पुढे येतो. माणूस उभा असतो चाकापासून हातभर. मागे सरायला एक सेकंदही मिळत नाही. मागचे चाक आधी पाय धरते, मग माणूस पडतो, मग ते अंगावरून जाते. अमेरिकेत अशा तऱ्हेने इतके शेतकरी मेले, की तिथल्या ट्रॅक्टरांवर सेल्फजवळ ठळक इशारा चिकटवतात: सीटवर बसून, न्यूट्रलमध्येच सुरू करा, गिअरमध्ये सुरू केलेला ट्रॅक्टर जीव घेतो.

"पण फादर, मी आधी न्यूट्रल बघतोच," असे मला एकाने सांगितले. मीही रोज बघत होतो. त्या एका रात्री विसरलो. शिवाय झिजलेल्या गिअरची दांडी न्यूट्रलमध्ये दिसते आणि आत दात अडकलेले असतात, हे कोणताही मिस्त्री सांगेल.

मग स्विच मेला असेल आणि पेरणी उद्यावर आली असेल तर काय करावे? आपल्या मेकचा नवा स्विच आणून घरात ठेवावा. पुष्कळ ट्रॅक्टरांत मागचा प्लग काढून नव्यात खोचला की काम होते. बॅटरीची अर्थिंग काढून हे काम दिवसा, शांतपणे करता येते. तोही मिळत नसेल तर वायरमनकडून डॅशबोर्डवर, सीटवरून हात पोचेल तिथे, एक दाबायचे बटण बसवून घ्यावे, रिले आणि फ्यूज घालून. त्याची वायर न्यूट्रलच्या स्विचमधूनच न्यायला लावा. "ते काढून टाकू, उगाच अडते" असे वायरमन म्हणाला तर त्याचे ऐकू नका. बटणात लाज वाटण्यासारखे काही नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला सेल्फसाठी चावी नव्हतीच, पायाने दाबायची कळ होती.

त्याच्याही आधी हँडल होते. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला आपल्याकडे ते अजून मारतात. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल मनगटावर येते आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड मोडते. डॉक्टर लोक त्या मोडीला आजही 'शोफर फ्रॅक्चर' म्हणतात, इतक्या मोटार चालवणाऱ्यांची मनगटे त्या काळी मोडली. चार्ल्स केटरिंग या इंजिनियरचा विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत आला तेव्हा कुठे ही हँडलाची पीडा सुटू लागली. इंजिनाचे हँडल धरताना अंगठा दांड्याभोवती गुंडाळू नये, चार बोटांच्याच बाजूला ठेवावा. हँडल खाली दाबण्याऐवजी वर ओढावे.

नव्या मोटारींना वरचे काही लागू नाही. त्यांच्या चावीत चिप असते. ती ओळखल्याशिवाय इंजिन लागत नाही, आणि वायरी उसकल्या तर फक्त खर्च वाढतो. चावीशिवाय बटणावर चालणारी गाडी अडली तर बहुधा चावीतली छोटी बॅटरी संपलेली असते. चावी बटणाला टेकवून पाहा. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी खाच असते, ती पुस्तिकेत दाखवलेली असते.

स्विच बंद पडण्याचा एक उलटा प्रकारही आहे: चालत्या गाडीत चावी आपोआप मागे फिरणे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत स्विचची पकड सैल होती. जड जुडगा लोंबकळला किंवा खड्डा लागला की चावी फिरायची, इंजिन बंद पडायचे, स्टिअरिंग जड व्हायचे आणि अपघातात हवेची पिशवीही उघडायची नाही. 2014 साली कंपनीने अशा सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या, आणि भरपाईच्या निधीने 124 मृत्यू या दोषामुळे झाल्याचे मान्य केले. आपल्याकडे गाडीच्या चावीलाच घर, कोठा, तिजोरी आणि देवीच्या जत्रेतला पितळी नारळ बांधायची हौस आहे. गाडीची चावी एकटी ठेवावी.

आजारी माणूस, सर्पदंश, बाळंतीण गाडीत असेल तर क्रम बदलतो. आधी 108 ला फोन, मग बॉनेट. गावातल्या दुसऱ्या गाडीला माणूस धाडा आणि आपण दुरुस्तीला दहा मिनिटांची मुदत घाला. साप चावलेल्याला हालचाल करू देऊ नका, गाडी ढकलायला तर मुळीच लावू नका.

आमच्या जीपच्या सीटखाली आता बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. त्यात नवा स्विच, दोन फ्यूज, टर्मिनलचा पाना, सँडपेपरचा तुकडा, सोड्याची पुडी आणि टॉर्च. पेचकसही आहे, पण तो स्विचचे स्क्रू काढण्यापुरता. हातब्रेकची केबल दुसऱ्याच दिवशी बदलली. कडुनिंबाच्या बुंध्यावरची साल अजून भरून आलेली नाही. पोरगा हल्ली निर्मलला मोटार मेकॅनिकचे काम करतो, आणि मागे आला तेव्हा त्याने माझ्या आधी गिअरची दांडी हलवून पाहिली.