मणक्यांमधली गादी झिजल्यावर पुन्हा भरते का?

प्रौढ माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिच्या पेशींना ऑक्सिजन आणि ग्लुकोज मणक्याला लागून असलेल्या पातळ कूर्चेतून झिरपूनच मिळते. वयानुसार हा पुरवठा आटतो, पाणी धरून ठेवणारे अ‍ॅग्रिकॅन घटते, गाभा सुकतो आणि भोवतीच्या कोलॅजनच्या कड्याला चिरा पडतात. ही झीज भरून येत नाही. बाहेर सरकलेला गाभ्याचा तुकडा मात्र शरीरातील भक्षक पेशी अनेकदा काही महिन्यांत फस्त करतात. त्यामुळे अशा तुकड्याने नस दाबली जाऊन पायात कळा येणाऱ्या, म्हणजे सायटिकाच्या, बहुतेक रुग्णांना हालचाल, व्यायाम आणि वेदनाशामके पुरतात. पायातली ताकद घटत गेली किंवा कळा हटेनाशा झाल्या, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. लघवीवरचा ताबा सुटल्यास ती तातडीने लागते. मूळपेशींची इंजेक्शने अजून चाचण्यांतच आहेत, जाहिराती काहीही म्हणोत. आणि एमआरआयमधली झीज कंबर न दुखणाऱ्यांतही सर्रास दिसते.