चौकोन की षट्कोन?

संगणकावर दूरचे मित्र मिळून नकाशावर सोंगट्यांचा खेळ खेळतात, तेव्हा नकाशावर जाळी आखावी लागते. समजा, वाशीम जिल्ह्यातील किन्हीराजा गावाचा नकाशा तुम्ही घेतला आणि एक घर म्हणजे 10 मीटर ठरवले. चौकोनी जाळीत सोंगटी सरळ 10 घरे गेली, तर 100 मीटर होतात. तिरकी गेली तर? पायथागोरसच्या सिद्धांताप्रमाणे सुमारे 141 मीटर! म्हणजे तिरका चालणारा फुकटात पुढे जातो. यावर तोड अशी : तिरकी घरे 1, 2, 1, 2 अशी मोजा. दहाची 15 होतात. चूक 6 टक्क्यांवर येते. षट्कोनी जाळीत (मधमाश्यांची पसंती हीच!) सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात. मात्र तिच्या रेषांवरून सरळ भिंत काढताच येत नाही. तेव्हा गल्ल्यांना चौकोन आणि शिवाराला षट्कोन बरा.