डिस्क भरली? कर्नल लॉग पुसण्याआधी हिशेब बघा

लिनक्सवर कर्नलचे लॉग साफ करायला पैसे लागत नाहीत. वेळ पाच-दहा मिनिटं, आणि हाताशी हवा सुडोचा पासवर्ड. मशीन ऑफिसचं असेल तर ॲडमिनला आधी विचारा.

डीमेसेज. कर्नलचे ताजे मेसेज मेमरीतल्या ठरावीक आकाराच्या रिंग बफरमध्ये असतात; तो भरला की जुने आपोआप जातात. ‘डीमेसेज’ला मोठा सी लावला की यादी रिकामी, लहान सी लावला की आधी दाखवून मग रिकामी. पण यानं डिस्कवरची जागा अजिबात सुटत नाही. जागेसाठी पुढचं बघा.

जर्नल. ‘जर्नलसीटीएल’ला डिस्क-युसेज हा पर्याय द्या, किती जागा गेली ते कळेल. मर्यादा घातली नसेल तर जर्नल फाइलसिस्टीमच्या 10 टक्क्यांपर्यंत, कमाल 4 जीबी, वाढू शकतं. कमी करताना आधी रोटेट, मग व्हॅक्यूम-साइज 500 एम. रोटेट विसरलात तर चालू फाइल तशीच राहते. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर ‘जर्नलडी डॉट कॉन्फ’मध्ये सिस्टममॅक्सयूज भरा आणि जर्नलडी रीस्टार्ट करा.

कर्न डॉट लॉग. डेबियन-उबुंटूवर आरसिसलॉग चालू असेल तर ही फाइल व्हार-लॉगमध्ये सापडेल. ती आरएमनं उडवू नका. आरसिसलॉगनं ती उघडी धरलेली असते. नाव जातं, जागा अडकूनच राहते. ‘ट्रंकेट’नं आकार शून्य करा. रोटेट झालेल्या जुन्या जीझेड फाइली मात्र खुशाल उडवा.

छुपा खर्च. व्हॅक्यूममध्ये फक्त कर्नलचे नव्हे, लॉगिन आणि सर्व्हिसेसचेही जुने लॉग जातात. शिवाय डिस्क मरायला टेकली असेल तर ‘आय-ओ एरर’च्या ओळी हाच तुमचा पुरावा. म्हणून आधी एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. लॉग एका रात्रीत फुगला असेल तर शेवटच्या पन्नास ओळी वाचा; एकच ओळ पुन्हा पुन्हा दिसली तर दोष ड्रायव्हरमध्ये किंवा हार्डवेअरमध्ये शोधा. तो तसाच ठेवून पुसलंत तर उद्या डिस्क पुन्हा भरेल.

शॉर्टकट. रोज पुसणारी क्रॉन जॉब लावू नका. जुन्या फाइली हटवायला लॉगरोटेट असतोच. कुणी ‘लॉग क्लीनिंग’चे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. वरची सगळी साधनं फुकट आहेत आणि बहुतेक तुमच्या मशीनवर आधीपासूनच आहेत.