सासूबाईंना पोर्वो दाखवशील तेव्हा

चिऊ, परवा तू विचारलंस, "ताई, जुलैत सासरचे आई-बाबा येतायत, एका दिवसात जाऊन येण्यासारखं काही सांग ना," आणि मी घाईत "पोर्वोला ने" म्हणून फोन ठेवून दिला. रात्री आडवी झाल्यावर चुटपुट लागली. नाव काय, कुणीही सांगेल. पण घरच्या सगळ्यांना घेऊन तिथे गेल्यावर आपलं काय होतं, ते मला त्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. ते तुला सांगायचंय.

आधी प्रवासाचं. हेलसिंकीपासून पूर्वेला 50 किलोमीटर, काम्पीच्या बसस्थानकातून साधारण तासाभराचं अंतर. तुझा रोजचा पास तिथे चालत नाही, तिकीट वेगळं काढायचं. उन्हाळ्यात बंदरावरच्या बाजारचौकातून बोटही जाते, 1912 साली बांधलेली. दिसते फार देखणी, पण एका बाजूलाच साडेतीन तास लागतात. तीन वर्षांचं पिल्लू आणि बाबांचं जेवणानंतरचं औषध सांभाळत बोटीवर बसायचा मोह या खेपेला टाळ. बसनेच जा.

बूट. हे मी तुला हात धरून सांगतेय असं समज. जुन्या गावातले सगळे रस्ते गोट्यांचे आहेत, गोलसर, वर-खाली झालेले, आणि कॅथेड्रलकडे जाताना चढ लागतो. सासूबाई म्हणतील, साडीवर बूट बरे नाही दिसत. आपल्या आई-बाबांना घेऊन मी गेले होते तेव्हा आईही हेच म्हणाली होती. मी तिचं ऐकलं आणि त्या चढावर तिचा पाय मुरगळला. उरलेला दिवस ती "काही नाही गं, काही नाही" म्हणत लंगडत होती. ते मला अजून आठवतं. तेव्हा आदल्या दिवशीच बूट घालून त्यांना घराभोवती फिरव. बाबागाडी न्यायची तर मोठ्या चाकांची, बारीक चाकं दगडांच्या फटीत अडकून बसतात.

बाबांना इतिहास लागतो ना? मग त्यांना कॅथेड्रलमध्ये शांत बसू दे. फिनलंड सहाशेहून जास्त वर्षं स्वीडनचा भाग होता. रशियाने तो जिंकायला घेतला तेव्हा 1809 च्या मार्चमध्ये झार अलेक्झांडर पहिला याने इथेच प्रतिनिधींची सभा भरवली आणि तुमचा धर्म, तुमचे कायदे तसेच राहतील असं वचन दिलं. या देशाची वेगळी ओळख तिथून घडायला लागली. 2006 च्या मे महिन्यात कुणीतरी लावलेल्या आगीत या कॅथेड्रलचं छप्पर जळून गेलं. आतली विटांची कमान टिकली म्हणून खालचं सगळं वाचलं, आणि दोन वर्षांनी ते पुन्हा उघडलं. गावालाही आग नवीन नाही. 1760 च्या आगीत बरंचसं पोर्वो राख झालं होतं. लोकांनी घरं पुन्हा बांधली ती जुन्याच गल्ल्यांवर. म्हणून आज आपण चालतो त्या वाटा मध्ययुगातल्या आहेत.

नदीकाठची लाल कोठारं तू फोटोत पाहिली असशीलच. दूरदेशीचा माल उतरवून ठेवायला ती बांधली होती. स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा येणार म्हणून त्यांना पहिल्यांदा लाल रंग दिला म्हणतात. सासूबाईंना सांग, तो रंग म्हणजे आपला गेरूच. लोहाची लाल माती, राय धान्याच्या पिठाची खळ आणि हिराकस एकत्र शिजवून तो करतात. आईला हे सांगितलं तेव्हा तिने भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "आपलं वृंदावन सारवल्यासारखं वाटतंय." पाय मुरगळल्याचं सोडलं तर त्या दिवसातलं तिचं तेवढंच वाक्य मला स्पष्ट आठवतं. बाकी काही आठवत नाही, आणि त्याचंच कारण तुला सांगायचंय.

त्या दिवशी मी सतत कुणाचं तरी काहीतरी करत होते. पाणी दे, टोपी घाल, टॉयलेट शोध, बाबांना पाटी वाचून दाखव, मुलाला नदीपासून ओढ. दशम्या वाढल्या, सगळ्यांचे फोटो काढले. घरी येऊन फोटो पाहिले तर एकाही फोटोत मी नव्हते. वाईट त्याचं नाही वाटलं. वाईट याचं वाटलं, की गाव कसं होतं ते कुणी विचारलं तर मला सांगताच येईना.

पुढच्या वर्षी मी पुन्हा गेले तेव्हा जुनं गाव सोडून खालच्या सरळ रस्त्यांच्या भागात गेले. तिथे रूनेबेरिचं घर आहे. हेलसिंकीत एस्प्लनादीवर ज्या पुतळ्यापाशी आपण आईस्क्रीम खाल्लं ना, तो कवी. फिनलंडचं राष्ट्रगीत त्याच्याच कवितेचं. 1852 पासून 1877 मध्ये जाईपर्यंत तो या घरात राहिला. मी मात्र त्याच्या बायकोपाशी अडकले. फ्रेद्रिका. आठ बाळंतपणं, मोठं खटलं, आला-गेला. 1863 मध्ये नवऱ्याला पक्षाघात झाला, पुढची चौदा वर्षं तिने त्याचं सगळं केलं. आणि या रगाड्यात तिने लिहिलंसुद्धा. 1858 मध्ये तिची ऐतिहासिक कादंबरी छापून आली, इथल्या अगदी सुरुवातीच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांपैकी एक. एस्प्लनादीवरचा तो पुतळा तिच्या मुलाने, वाल्टरने घडवलाय. गोल बदामी केक मिळतो ना, वर रासबेरीचा जॅम आणि साखरेचं कडं असलेला? तिच्या पाककृतींच्या वहीत तो आहे. देश त्याला तिच्या नवऱ्याच्या नावाने ओळखतो. त्या खोल्यांत उभं राहून मला भरून आलं गं. हिने स्वतःसाठी वेळ काढला तरी कधी, हाच विचार डोक्यात.

म्हणून चिऊ, तुझ्यासाठी अर्धा तास आधीच ठरवून ठेव. जमलं तर बघू, असं नको, ते कधीच जमत नाही. जेवणं झाली की नवऱ्याला स्पष्ट सांग, "आता पिल्लू आणि आई-बाबा तुझ्याकडे." त्यांना व्हालिकातूवरच्या चॉकलेटच्या दुकानात पाठव. ब्रुनबेरि म्हणतात, 1871 पासूनचं आहे, मुलं तिथून लवकर निघत नाहीत. फक्त बाबांना रक्तदाब आहे, त्यांना काळ्या गोळ्या भरभरून खाऊ देऊ नको, त्यात ज्येष्ठमध असतं. खारट सल्मियाक्की गोळ्यांत तर नवसागरही असतो, सासूबाईंना चव घ्यायच्या आधीच सांग. आणि तो बदामी केक घेतलास तर त्यात अंडं असतं, बऱ्याचदा रमही असते. गुरुवारचा उपवास असेल तर मोडायला नको.

ते सगळे तिकडे गेले की तू जुन्या पुलावरून नदीपलीकडे जा. कोठारं खरी दिसतात ती पलीकडूनच, पाण्यात उलटी पडलेली. बस तिथे. फोन पिशवीत ठेव. सासूबाईंना काय वाटेल, हा विचार येईलच, मलाही आला होता. त्यांना काही वाटत नाही गं. उलट दुसऱ्या खेपेला मी अशी बसले तेव्हा आई मला म्हणाली होती, "तू बसलीस ते बरं झालं, तुला पळताना बघून आम्हालाच दम लागत होता."

कॅथेड्रल राहिलं तर राहू दे. तुम्ही इथेच आहात, पुन्हा जाता येईल. दुकानं संध्याकाळी लवकर मिटतात, पण जुलैत उजेड रात्री दहापर्यंत असतो, तेव्हा परतीची घाई करू नको. आणि दशम्या जरा जास्तच कर, बसमध्ये बसल्या बसल्या सगळ्यांना भूक लागते. आल्यावर मला फोन कर. त्यांना काय आवडलं ते नंतर सांग, आधी तू काय पाहिलंस ते सांग.